चिंधीचा दुधी

वडगाव रासाईचे मारुतराव वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत बॉय होते. म्हणजे साखर कारखान्यात चिटबॉय. कुणाचा ऊस कोणत्या दिवशी तुटणार याची चिठ्ठी ज्याच्या खिशात असते तो चिटबॉय. आणि ज्याचा ऊस अजून उभा असतो तो माणूस चिटबॉय दुरून दिसला तरी चहाला आधण ठेवतो. मिशा पिकल्या, दाढा पडल्या, पोराचं लग्न झालं, तरी कारखान्याच्या कागदावर मारुतराव बॉयच राहिले. शेवटी एक दिवस बॉय म्हणूनच त्यांना शाल, नारळ देऊन घरी पाठवण्यात आलं.

कामाची त्यांची स्वतःची एक पद्धत होती. तोडणीच्या टोळ्या बाहेरच्या. त्यांना गट नंबर कळायचे नाहीत, आणि चिठ्ठी दाखवली तर ते आदरानं ती कपाळाला लावायचे. एकदा एका टोळीनं भलत्याच माणसाचा अर्धा एकर ऊस आडवा केला आणि तो भलता माणूस नेमका सरपंच निघाला. तेव्हापासून मारुतरावांनी खिशात चिंध्या ठेवायला सुरुवात केली. ज्या फडाची पाळी आली त्याच्या कोपऱ्यावरच्या उसाला लाल चिंधी. चिंधी दिसली की कोयता चालवायचा, विचारायचं नाही. पुढं तीस वर्षं एकही चूक झाली नाही. एकाही सरपंचाला धक्का लागला नाही.

घरामागच्या परसबागेशी मात्र त्यांचा संबंध नव्हता. ते तुळजाबाईंचं राज्य. गुंठाभर जागेत मेथीचे वाफे, वांग्याच्या दोन ओळी, चुका, कढीपत्ता, एक लिंबू, एक पपई, आणि मध्ये बांबूचा मांडव. मांडवावर दुधी. मारुतराव ऊसवाले. ज्याचं वजन टनात करता येत नाही त्याला ते पीक म्हणत नसत. जेवताना ताटात वांगं आलं की ते खायचे. ते कुठून आलं हे विचारण्याइतकी ओळख त्यांनी वांग्याशी कधी ठेवली नव्हती.

तर यंदा दिवाळी झाल्यावर तुळजाबाईंचा गुडघा बदलायचं ठरलं. पोरगा विश्वजीत त्यांना पुण्याला घेऊन निघाला. तुळजाबाई गाडीचं दार लागेपर्यंत सूचना देत होत्या.

"मेथीला सकाळी पाणी. वांग्याला दिसाआड. पपईखाली खुर्शिदची शेळी यील. तिला मारायचं न्हाई. नुसतं 'खुर्शिद!' म्हनून हाक मारायची. जाती ती."

"शेळीचं नाव खुर्शिद हाय?" मारुतरावांनी विचारलं.

"शेळीला नाव न्हाई. खुर्शिदला भिती ती."

चिंधीबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. घरात शिरताना चपला काढाव्यात हे कुणी सांगून जातं का? तसंच ते. वेलावरचा एक चांगला दुधी बियासाठी धरायचा, त्याला चिंधी बांधायची, आणि मग घरावर वीज पडली तरी त्याला हात लावायचा नाही, हे तुळजाबाईंच्या लेखी सगळ्या जगाला माहीत होतं.

जगाला असेलही. चिटबॉयला नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मारुतराव पाइप घेऊन मागं गेले. गळीत हंगाम सुरू झाला होता. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या गाणी लावून चालल्या होत्या, आणि घरी बसलेल्या माणसाचे हात अशा वेळी उगाच शिवशिवतात. मेथीला पाणी दिलं. शेळी आली, हाक मारली, गेली. मग सहज मान वर केली तर मांडवाला दुधी लटकलेला. चांगला हातभर, पोट सुटलेला, आणि देठाला लाल चिंधी.

मारुतराव थबकले. त्यांना बायकोचं कौतुक वाटलं. एवढ्या वर्षांत आपल्याकडून काहीतरी शिकली म्हणायची!

ते घरात गेले, कोयता घेऊन आले आणि देठाच्या पार बुडातून, एका घावात, दुधी तोडला. उसाला बूड ठेवलं तर साखरेचा उतारा पडतो.

सायली, म्हणजे सून, कामावर जायच्या घाईत होती. सणसवाडीतल्या एका कंपनीत ती क्वालिटीला होती. दिवसभर तिच्यासमोरून लोखंडी भाग जायचे आणि ती प्रत्येकाला हिरवं किंवा लाल स्टिकर लावायची. हडपसरच्या तिसऱ्या मजल्यावर वाढलेली पोरगी. भाजी पिशवीत उगवते असं ती मानत नव्हती, पण त्याच्या पुढचं तिला फारसं ठाऊक नव्हतं.

"आप्पा, हा जरा जास्त मोठा झालाय का?"

"पाळी आल्ती त्याची," मारुतराव म्हणाले.

घरातल्या थोरानं तारीख सांगितल्यावर सुनेनं काय बोलायचं? संध्याकाळी तिनं दुधी चिरायला घेतला. सुरी वाकली. मग मारुतरावांनी कोयत्यानं खांडोळी करून दिली. आत पांढऱ्या, पाणीदार, अर्ध्या कच्च्या बिया होत्या. त्या सगळ्यासकट कुकरमध्ये गेल्या. पाच शिट्ट्या झाल्या. नऊ झाल्या. सायलीनं झाकण काढून चमच्यानं टोचलं तर चमच्यानं हार मानली. पुन्हा झाकण लावलं.

अकराव्या शिट्टीला फोन आला. विश्वजीतनं तो तुळजाबाईंच्या तोंडासमोर धरला होता.

"कशी हायीस?" मारुतरावांनी विचारलं.

"बरी हाय. नवा गुडघा हाय, माझं ऐकत न्हाई. चिंधीचा दुधी बघितला का?"

मारुतरावांनी कुकरकडं पाहिलं. "बघितला."

"त्याला ऊन लागू द्या. अजून महिनाभर वाळला म्हंजी बी पक्कं हुईल. बियाचा हाय तो. औंदा येकच धरलाय."

बारावी शिट्टी झाली.

"काय शिजतंय?" तुळजाबाईंनी विचारलं.

"डाळ," मारुतराव म्हणाले.

"कसली डाळ?"

"लई जुनी हाय," मारुतराव म्हणाले आणि फोन सायलीकडं दिला. सायलीनं तो बंद केला. दोघंही कुकरकडं बघत उभे राहिले. कुकरनं त्यांच्याकडं बघत तेरावी शिट्टी दिली.

कुकर उघडला तेव्हा साल तशीच होती, बियांचं मात्र पिठलं झालेलं. एकही बी हाताला लागली नाही. उरलेलं मारुतरावांनी मागं नेऊन शेळीपुढं टाकलं. शेळीनं वास घेतला, त्यांच्याकडं एकदा पाहिलं आणि कुणी 'खुर्शिद!' म्हणून हाक मारली नसतानाही निघून गेली.

शेळीपाठोपाठ खुर्शिद स्वतः कंपाउंडपाशी आली. तिचा नवरा अमजद पाण्याच्या मोटारींचं रिवायंडिंग करायचा. दोन घरांत कंबरेएवढी भिंत, आणि त्या भिंतीवरून वीस वर्षं दोन्हीकडच्या वाट्या ये-जा करत आलेल्या. तिनं आधी जमिनीवरच्या खांडोळ्या पाहिल्या, मग मांडव पाहिला, मग डोक्यावरचा पदर नीट केला.

"आप्पा. बियाचा कापला?"

"चिंधी व्हती," मारुतराव म्हणाले. "मला वाटलं तोड आली."

हसावं की रडावं हे ठरवायला बाईमाणसाला जेवढा वेळ लागतो तेवढा खुर्शिदला लागला.

"तुझ्याकडं असंल की ह्ये बी," मारुतराव म्हणाले. "दिलं असंल तिनं."

"दिलं व्हतं. उगवलं बी व्हतं. हिनं खाल्लं." तिनं शेळीकडं बोट केलं. शेळीनं दुसरीकडं पाहिलं. "आप्पा, ते बी कुठलं, म्हाईत हाय ना तुम्हाला?"

"दुकानातलं."

"तुळजाआक्काच्या आईचं हाय ते. लग्नात पदराच्या गाठीला बांधून आणलेलं. एक्केचाळीस वर्षं झाली, येक साल खंड न्हाई. तुम्हाला खरंच म्हाईत न्हाई?"

मारुतरावांना तालुक्यातल्या साडेचारशे शेतकऱ्यांच्या लागणीच्या तारखा पाठ होत्या. आडसाली कुणाचा, खोडवा कुणाचा, झोपेत विचारलं तरी सांगितलं असतं. हे मात्र त्यांना माहीत नव्हतं.

त्यानंतर रोज संध्याकाळी फोन यायचा आणि रोज मारुतराव दुधी वाढवायचे. सोमवारी त्यांनी तो पिवळट केला. मंगळवारी त्याला कडकपणा आणला. बुधवारी उत्साहाच्या भरात ते म्हणाले, "पाव किलोनं वाढलाय."

"वेलावर वजन कसं केलं?"

"अंदाज. टनाचा अंदाज घेत्ला मी तीस वर्षं, पाव किलोचं काय घिऊन बसलीस!"

"बरं," तुळजाबाई म्हणाल्या. मग थोडं थांबून, "हितं येक पोरगं येतंय सकाळी, गुडघा वाकवायला. आसं पिळतंय की जीव जातोय. तवा मी डोळं मिटून मांडव बघते. ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापातूर. मधी चिंधी दिसली की तेवढं दुखत न्हाई." आणि पुन्हा काही वेळानं, "आईचं दुसरं काय राह्यलंय हो? घर भावानं पाडलं, स्लॅब टाकला, कुलूप लावलं. लुगडी झिजली. वेल तेवढा हाय. सायलीला म्हनावं, फोटू पाठीव त्याचा."

झालं.

दुसऱ्या दिवशी मारुतराव शिरूरच्या बाजारात गेले. दुध्याचे ढीग होते, पण सगळे कवळे, हिरवेगार, बोटानं दाबले तर लाजणारे.

"निबर न्हाई का?" त्यांनी एका पोराला विचारलं.

"आबा, आपल्याकडं येकदम कवळा माल."

"मला निबर पायजे. जून. सुरी वाकली पायजे असा."

पोराला ते लागलं. "आमच्याकडं तसला माल न्हाई मिळत."

"आरं, असंल की खाली कुठं तरी, राह्यलेला, इकला न गेलेला—"

"ओ आबा, सकाळच्या पारी बोहनीच्या टायमाला गिऱ्हाइकांसमोर माल खराब हाय म्हनता व्हय?" आजूबाजूचे दोन-तीन विक्रेते उभे राहिले. मारुतरावांनी पड खाल्ली आणि त्यातल्या त्यात लांब, फिकट, भोळा दिसणारा एक दुधी घेऊन परत आले.

घरी त्यांनी सुतळीनं तो मांडवाला बांधला, वेलाच्या देठाशी देठ जुळवून, मोळी बांधतात तशी पीळ मारून, आणि वर लाल चिंधी. सायलीनं पाच फोटो काढले. चारांत सुतळी दिसत होती. पाचवा पाठवला.

उत्तर आलं, "बरं."

पण तोडलेला दुधी तो तोडलेलाच. तिसऱ्या दिवशी तो सुरकुतला, पाचव्या दिवशी त्याचं पोट आत गेलं, आणि रविवारी तुळजाबाई घरी यायच्या होत्या. शनिवारी सायलीनं सुट्टी टाकली.

"आप्पा, मी बघते काय करायचं ते."

"काय करायचं न्हाई आता," मारुतराव म्हणाले. रात्रभर विचार करून ते एका निष्कर्षाला आले होते, आणि तो निष्कर्ष त्यांना आवडला नव्हता. दुधी बदलता येईल. कितीही बदलता येईल. पण एक्केचाळीस वर्षांनंतर मृगात तुळजा बी लावणार, आणि त्यातून दुकानातला दुधी उगवणार, आणि तिला पहिल्या पानावरून कळणार. त्या वेळी आपण चहा पीत कुठं बसायचं?

रविवारी सकाळी धुतलेली पांढरी कापडं घालून ते मोटारसायकलवर बसले आणि पुलावरून भीमा ओलांडून दौंड तालुक्यात शिरले. नदीपलीकडं वीस मिनिटांवर सासुरवाडी.

या गावात मारुतराव जावई होते. एक्केचाळीस वर्षांत लग्नाला आले, बाराव्याला आले, बारशाला आले. दर वेळी पुढच्या दारानं आत, सतरंजीवर, लोडाला टेकून. या गावातल्या कुठल्याही घराची मागची बाजू त्यांनी बघितली नव्हती. आता मेव्हण्याच्या स्लॅबच्या घराला कुलूप. मारुतराव घराला वळसा घालून मागच्या बोळात शिरले. सासूचं परस होतं तिथं आता पाण्याची टाकी आणि एक मोडका कूलर होता.

त्यांनी पुढं पाहिलं.

शेजारच्या परसात मांडव. मांडवावर दुधी. दुध्याला चिंधी.

त्याच्या पुढच्या परसात मांडव. दुधी. चिंधी.

सगळ्या बोळाला सात परसं होती आणि सात चिंध्या. एक लाल, एक निळी, एक साडीच्या काठाची, एक कुणाच्या तरी शाळेच्या टायची. वाऱ्यानं सातही हलत होत्या. मारुतरावांच्या डोक्यात पहिला विचार आला तो असा, की सगळी आळी एकाच दिवशी तोडीला आलीय आणि हाताशी टोळी एकच. आता पहिली पाळी कुणाला द्यायची? सवय वाईट. दुसरा विचार यायला वेळ लागला, तो असा, की हे सगळं तुळजाच्या आईचंच बी असणार.

"कोन हाय रं तिकडं?" पहिल्या परसातून आवाज आला. मागोमाग एक म्हातारी, हातात खराटा. ही कस्तुराबाई, सासूची शेजारीण. तिनं डोळे बारीक केले आणि खराटा पाठीमागं लपवला. "अगं बया, जावईबापू! पुढनं यायचं की! मागनं मांजरं येत्यात, न्हाई तर चोर."

"मला दुसऱ्यातच धरा," मारुतराव म्हणाले आणि सगळं सांगितलं. चिंधी, कोयता, कुकर, तेरा शिट्ट्या. शिट्ट्यांचा आकडा त्यांनी कमी सांगितला नाही.

कस्तुराबाई मांडवाच्या खांबाला धरून इतकी हसली की मांडवच हलला. मग तिनं डोळे पुसले.

"ह्ये समदं तिच्या आईचं बी हाय व्हय?" मारुतरावांनी सात चिंध्यांकडं हात केला.

"आईचं कुठलं! आईचं बी तर गेलं व्हतं. मोठा पूर आला त्या साली पानी पार परसात शिरलं. धा-बारा दिवस उतरलं न्हाई. या आळीत येका घरात बी राह्यलं न्हाई. तिची आई बी त्याच साली गेली. मग संक्रांतीला तुळजा आली. पदराला गाठ मारून. सात घरं, येकेका घरात सात बिया मोजून दिल्या. आईनं मला दिलं, मी तुम्हाला देते म्हनली. ही समदी तुमच्या मांडवाची पोरं हाईत, जावईबापू. तुम्ही कुठं व्हता तवा?"

"कारखान्यावर," मारुतराव म्हणाले.

"व्हय. गळीत असंल."

तिनं हे अगदी सहज म्हटलं. म्हणूनच जास्त लागलं.

कस्तुराबाई आत गेली आणि चुलीवरच्या आढ्याला टांगलेला गेल्या सालचा दुधी काढून आणला. धुरानं तपकिरी झालेला, लाकडासारखा. हलवला की आत बिया खुळखुळत. "मी येक वेलावर धरते, येक घरात. वेलावरच्याचा भरवसा न्हाई. मांडवाखालनं मानसं हिंडत्यात."

मारुतरावांनी खिशात हात घातला. तिनं खराटा पुढं आणला.

"पैशाचं बी उगवत न्हाई. फुकटचं बी उगवत न्हाई. तो कोपऱ्याचा खांब कललाय, तेवढा सरळ करून द्या."

तेव्हा पांढऱ्या कापडातल्या जावयानं सासुरवाडीत पहार मारली, खांब सरळ केला, दगड ठोकले. बोळातून जाणाऱ्या एका माणसानं दुसऱ्याला विचारलं, "कोन हाय?" दुसरा म्हणाला, "जावई हाय. येक्केचाळीस वर्षांनी कामाला लागलाय."

परतताना दुधी त्यांनी शर्टाच्या आत, छातीशी, उपरण्यानं बांधला होता. रस्त्यावर गतिरोधक आला की आत बिया वाजायच्या. मारुतराव प्रत्येक गतिरोधकाला गाडी इतकी हळू घेत होते, की मागून आलेला उसाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवून पुढं गेला. उसाच्या ट्रॅक्टरनं त्यांना मागं टाकण्याची ही पहिलीच वेळ.

घरी पोचले तर दारात विश्वजीतची गाडी. म्हणजे तुळजाबाई आधीच आल्या होत्या. ते आत न जाता तसेच घराला वळसा घालून मागं गेले. मागनं जायची सवय आता लागली होती.

मागच्या दारात तुळजाबाई वॉकर धरून उभ्या होत्या. बाजूला सायली. कंपाउंडपलीकडं अमजद आणि खुर्शिद, आणि दोघांच्या मधून शेळी. सगळे मांडवाकडं बघत होते.

मांडवाला तीन चिंध्या होत्या.

पहिलीखाली मारुतरावांचा बाजारातला दुधी, आता आजारी माणसाच्या गालासारखा. दुसरीखाली एक नवा, चकचकीत दुधी. तो प्लॅस्टिकच्या पट्टीनं बांधलेला होता आणि त्याच्यावर हिरवं स्टिकर होतं. तिसरीखाली जे होतं तो दुधीच नव्हता. तो पाच किलोचा कोहळा होता, राखाडी, गोल, तांब्याच्या तारेनं चार वेढे देऊन टांगलेला, आणि त्याच्या वजनानं मांडवाचा तो कोपरा नमस्कार करत होता.

"ही सुतळीची पीळगाठ," तुळजाबाई सावकाश म्हणाल्या, "मोळीची हाय. ह्ये आमचं मानूस."

मग त्यांनी वॉकर थोडा दुसऱ्या चिंधीकडं वळवला.

"ही पांढरी पट्टी कंपनीची. सायली, तू तर त्याला पास बी केलास."

"सवयीनं लागलं, आई," सायली अगदी हळू म्हणाली.

"आन् ही पाच एचपीच्या मोटारीची तार. अमजद, ह्यो काय हाय?"

"कोहळा हाय वहिनी," अमजद म्हणाला. "दुधी टिकत न्हाई हो. ह्यो सहा महिने हलत न्हाई. म्या म्हनलं, तुम्ही लांबनं बघनार, वॉकरवरनं..."

"माझा गुडघा बदललाय रं. डोळं तेच हाईत." तुळजाबाईंनी मांडवावरून नजर काढली. "येक्केचाळीस वर्षं ह्यो वेल मला येक बियाचा देतोय. मी पंधरा दिवस न्हवते तर तीन दिलं."

तेवढ्यात त्यांना मारुतराव दिसले. पांढऱ्या कापडांवर मातीचे डाग, शर्टाचं पोट फुगलेलं.

मारुतराव पुढं आले. भाषण त्यांनी पुलावर पाठ केलं होतं. ते सगळं विसरले.

"म्या तोडला," ते म्हणाले. "चिंधी दिसली. चिंधी म्हंजी तोड, मला तेवढंच म्हाईत. तुझ्या आईचं व्हतं ते म्हाईत न्हवतं. म्हाईत असाया पायजे व्हतं." आणि उपरणं सोडून त्यांनी दुधी तिच्यापुढं धरला.

तुळजाबाईंनी एक हात वॉकरवरून काढला. सायलीनं पटकन दंड धरला. त्यांनी दुधी कानाशी नेऊन हलवला. एकदा. मग पुन्हा. बराच वेळ त्या तसंच ऐकत राहिल्या. पलीकडून कुणीतरी गावाकडची खबर सांगत असावं तसं.

"कस्तुरामावशीच्या आढ्याचा," त्या म्हणाल्या. "धुराचा वास हाय. तुम्ही गेला व्हता?"

"मागच्या दारानं."

"सात परसं बघितली?"

"सात चिंध्या बघितल्या."

तुळजाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते खाली येईपर्यंत त्या हसायला लागल्या होत्या, त्यामुळं ते कशाचं हे नक्की सांगता यायचं नाही. "फोटूतच कळलं व्हतं मला. आपल्या दुध्याची मान बारीक असती. त्याला मानच न्हवती. आन् पार वर सुतळीचा शेंडा दिसत व्हता."

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलायचं? इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझ्या मांडवाचं कायतरी करत व्हता. पाव किलो वाढवत व्हता. मी म्हनलं, करू द्या. गुडघा वाकवताना तेच आठवून हसू यायचं. त्या पोराला वाटायचं बाई पागल हाय."

मग त्यांनी वाकायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तेव्हा सायलीला म्हणाल्या, "त्या कोहळ्याची चिंधी सोडून आन."

सायलीनं आणली. तुळजाबाईंनी मारुतरावांचा उजवा हात ओढला, कोयता धरणारा, आणि मनगटाला चिंधी गुंडाळून दोन गाठी मारल्या. वेलाला मारतात तशा. घट्ट पण देठाला काचणार नाहीत अशा.

"ह्यो धरलेला हाय," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "कुनी तोडायचा न्हाई."

खुर्शिद पदर तोंडाला लावून आत पळाली. शेळीला कुणी हाक मारली नव्हती, तरी तीही गेली.

पुढच्या बाजाराला मारुतराव शिरूरला गेले ते मेथीची पिशवी घेऊन, अमजदच्या मेव्हण्याकडं पोचवायला. चिंधी मनगटावरच होती. अंघोळीला पण त्यांनी ती काढली नव्हती. त्या भाजीवाल्या पोरानं त्यांना लांबूनच ओळखलं.

"काय आबा, मिळाला का निबर दुधी?"

मारुतरावांनी हात वर करून चिंधी दाखवली.

"घरात व्हता," ते म्हणाले.